चेतापेशींचे ग्राही: मज्जासंस्थेचे आरोग्य आणि आजार

प्रत्येक चेतापेशीभोवती सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचे स्निग्ध पटल असते. पाण्यात विरघळणारे बहुतेक रेणू ते ओलांडू शकत नाहीत, आणि चेतापेशी एकमेकींकडे धाडतात ते रेणू बहुतांशी याच जातीचे असतात. त्यामुळे पेशीला बाहेरची खबर लागते ती या पटलात आरपार बसलेल्या प्रथिनांमुळे. त्यांना ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. बाहेरच्या अंगाने ग्राही ठरावीक रेणू धरतो, धरताच त्याचा आकार बदलतो आणि त्या बदलाचा परिणाम पेशीच्या आत उमटतो. संदेश आणणारा रेणू स्वतः सहसा आत शिरत नाही. काम झाले की तो सुटतो, आणि मग एखादे विकर त्याचे तुकडे करते किंवा तो पुन्हा शोषून घेतला जातो.

‘मेंदूतले एक रसायन कमी झाले आहे’ हे वाक्य दवाखान्यात आणि वर्तमानपत्रात सर्रास ऐकू येते. काही आजारांपुरते ते खरे आहे. बऱ्याच आजारांत मात्र रसायन पुरेसे असते आणि वेळेवर पोचतेही. ते घेणारा ग्राहीच जागेवर नसतो, जन्मतः सदोष असतो, थकलेला असतो किंवा त्याच्यावर भलतेच काही येऊन बसलेले असते. मज्जासंस्थेवरची निम्मीशिम्मी औषधेही रसायनाच्या साठ्याला हात न लावता थेट ग्राहीवर काम करतात. म्हणून या संस्थेचे आरोग्य आणि आजार समजून घ्यायचे तर सुरुवात पेशीच्या पृष्ठभागापासून करावी लागते.

वेगाच्या हिशेबाने ग्राहींचे ढोबळ तीन गट पडतात. पहिल्या गटात ग्राही हाच आयनांचा मार्ग असतो. रेणू बसला की मार्ग उघडतो, सोडियम, कॅल्शियम किंवा क्लोराइडचे आयन ये-जा करतात आणि एक-दोन मिलिसेकंदांत पेशीची विद्युतस्थिती पालटते. हात भाजताच तो मागे येतो तो या गटाच्या जोरावर. दुसऱ्या गटातले ग्राही पटलातून सात वेळा आरपार गेलेले असतात आणि आतल्या बाजूला जी-प्रथिनांना जागे करतात. त्यातून पुढे विकरांची साखळी चालते आणि परिणाम काही सेकंद ते मिनिटे टिकतो. मनःस्थिती, भूक, झोप, हालचालींची सफाई या गोष्टी या गटाच्या अखत्यारीत येतात. माणसात अशा ग्राहींची सुमारे ८०० जनुके आहेत, त्यांपैकी जवळपास निम्मी केवळ वास ओळखण्यासाठी आहेत, आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक-तृतीयांश औषधे याच कुटुंबावर काम करतात. तिसऱ्या गटातले ग्राही स्वतःच विकरे असतात. त्यांचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि पेशीने वाढायचे, तग धरायची की मरायचे हे ठरते. त्याला तास आणि दिवस लागतात. पाठ्यपुस्तकांत ग्राही आणि रेणूसाठी कुलूप-किल्लीची उपमा हमखास येते. ती सोपी आहे, पण अपुरी आहे. कुलूप वापराने बदलत नाही. ग्राही बदलतो: सतत चेतवला तर थकतो, पेशीच्या आत ओढला जातो, आणि दुर्लक्षित राहिला तर संख्येने वाढतो.

अशी काही वस्तू असली पाहिजे, हा तर्क ती प्रत्यक्ष हाती येण्याच्या कितीतरी आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी बेडकावर क्युरारेचे प्रयोग केले. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावत ते हे विष. ते दिलेल्या बेडकाची चेता चेतवली तर स्नायू हलत नसे. स्नायूलाच थेट विजेचा झटका दिला तर तो आखडत असे. म्हणजे विषाचा घाव चेता आणि स्नायू यांच्या सांध्यावर कुठेतरी बसत होता. केंब्रिजचे जॉन लँग्ली यांनी १९०५ साली पुढचे पाऊल टाकले. कोंबड्याच्या स्नायूकडे जाणारी चेता कापून ती पूर्ण झिजू दिल्यावरही निकोटिनने तो स्नायू आकुंचन पावतो आणि क्युरारे दिले की निकोटिनचा प्रभाव थांबतो, हे त्यांनी दाखवले. चेता उरलेलीच नाही, तेव्हा दोन्ही पदार्थ स्नायूपेशीच्याच कशावर तरी झगडत असले पाहिजेत. लँग्लींनी त्याला ग्रहण करणारा पदार्थ म्हटले. त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख वेगळ्या वाटेने, प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातून, अशाच कल्पनेपाशी पोचले होते. पुढची साठेक वर्षे ग्राही हा केवळ तर्क राहिला. त्याच्यावाचून औषधांचा हिशेब लागत नव्हता, पण तो कुणी पाहिलेला नव्हता.

दरम्यान १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये घेतली. एकाची व्हेगस चेता चेतवून ते मंद केले, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला आणि तेही मंद झाले. चेता रसायनाच्या भाषेत बोलते याचा हा पहिला ठोस पुरावा होता, आणि ते रसायन ॲसिटिलकोलिन आहे हे पुढे सिद्ध झाले. यातच एक कोडे दडलेले होते. हेच ॲसिटिलकोलिन हातापायांच्या स्नायूंना आखडायला लावते आणि हृदयाला मात्र आवरते. एकाच रेणूचे दोन उलटे परिणाम कसे? उत्तर ग्राहीत आहे. स्नायूवर निकोटिनला प्रतिसाद देणारा जलद ग्राही असतो. हृदयावर, लाळग्रंथींवर आणि श्वासनलिकांवर मस्करिनला प्रतिसाद देणारा, जी-प्रथिनाशी जोडलेला संथ ग्राही असतो. संदेशाचा अर्थ संदेशात लिहिलेला नसतो, तो घेणाऱ्याकडे ठरतो.

हा फरक प्रयोगशाळेपुरता नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत आले आणि त्यांतले वीसहून अधिक दगावले. तेव्हा वापरात असलेल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलीही होती. हा गट ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला निकामी करतो, त्यामुळे ते रसायन सांध्यांवर साचत जाते. मस्करिनी ग्राहींवर त्याचा मारा झाला की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घामाच्या धारा लागतात, छातीत पाणी घुरघुरते, नाडी मंदावते. त्यावर ॲट्रोपिन उतारा आहे. धोतऱ्यातल्या विषारी द्रव्यांचा हा जवळचा भाऊबंद मस्करिनी ग्राही अडवून धरतो, म्हणून छाती कोरडी होईपर्यंत डॉक्टर त्याची इंजेक्शने पुन्हा पुन्हा देतात. पण स्नायूंवरच्या निकोटिनी ग्राहींना ॲट्रोपिन शिवतही नाही. तिथे ॲसिटिलकोलिनच्या अखंड माऱ्याने ग्राही आधी फडफडतात आणि मग थकून बंद अवस्थेत अडकतात. रसायनाचा पूर असतानाही स्नायू लुळा पडतो. श्वासाचे स्नायू असे पडले की व्हेंटिलेटरखेरीज गत्यंतर नसते. छाती स्वच्छ झाली, आता धोका टळला, असे नातेवाइकांना वाटत असते त्याच वेळी रुग्णाचा श्वास अडू शकतो, तो या दुसऱ्या ग्राहीमुळे.

ग्राही अखेर हाती लागला तो सापाच्या मदतीने. तैवानमध्ये चेन-युआन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली तिथल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे काढले. हे प्रथिन स्नायूवरच्या निकोटिनी ग्राहीला असे घट्ट चिकटते की जवळपास सुटतच नाही. त्याला किरणोत्सारी खूण लावली तर ग्राही कुठे आणि किती आहेत हे मोजता येते. दुसरी मदत मिळाली विजेचा झटका देणाऱ्या माशांची. त्यांच्या विद्युत अवयवांत हा ग्राही खच्चून भरलेला असतो. १९७० च्या आसपास पॅरिसमध्ये झाँ-पिएर शांज्यू आणि इतरत्र काही गटांनी विष आणि मासा यांची सांगड घालून ग्राही शुद्ध स्वरूपात मिळवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या नागाच्या विषातही याच जातीचे प्रथिन असते. म्हणून नाग चावल्यावर पापण्या मिटू लागल्या तर प्रतिविषाच्या जोडीने निओस्टिग्मिनचा उपयोग होऊ शकतो. ॲसिटिलकोलिन वाढवून ग्राहींवरची विषाची पकड काही अंशी मोडता येते. मण्यारीचे विष मात्र मुख्यतः चेतेच्या टोकाचीच नासधूस करते. रसायन सोडणारेच उरले नाही, तर ते वाढवणार कुठून? तिथे या औषधाचा भरवसा धरता येत नाही.

शुद्ध ग्राही हाती आल्यावर जे घडले ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांना अभ्यासासाठी ग्राहीविरोधी प्रतिपिंडे हवी होती. त्यांनी विद्युत-ईल माशाचा ग्राही सशांना टोचला. काही दिवसांनी ससे लुळे पडू लागले, आणि ॲसिटिलकोलिन टिकवणारे औषध देताच तात्पुरते उठून बसू लागले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराचे मूळ उघडे केले.

मायस्थेनियाचा रुग्ण सकाळी ठीक असतो. दुपारनंतर एक पापणी खाली येते, मग एकाचे दोन दिसू लागतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो, बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो. विश्रांती घेतली की पुन्हा बरे वाटते. तपासण्या साध्या असतील तर त्या निर्दोष येतात, आणि ‘कामाचा ताण’, ‘अशक्तपणा’ म्हणत रुग्ण वर्षभर टॉनिक पीत राहतो. प्रत्यक्षात त्याच्या शरीरातली प्रतिपिंडे स्वतःच्याच ॲसिटिलकोलिन ग्राहींवर हल्ला करत असतात. ती काही ग्राही झाकतात, काही जोड्याजोड्यांनी बांधून पेशीच्या आत लवकर खेचायला लावतात, आणि पूरक प्रथिनांना बोलावून स्नायूपटलाच्या घड्याच उद्ध्वस्त करतात. चेता नेहमीइतकेच रसायन सोडते. एरवी गरजेपेक्षा कितीतरी जास्त ग्राही असल्यामुळे स्नायूला थोडी घट जाणवत नाही, पण ही शिल्लक संपली की लागोपाठच्या हालचालींत थोडे थोडे संदेश वाया जाऊ लागतात. थकवा संध्याकाळी वाढतो तो यामुळे.

निदानाची एक चाचणी इतकी साधी आहे की ती कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात करता येते. खाली आलेल्या पापणीवर बर्फाची पिशवी दोन-एक मिनिटे ठेवायची. थंडीने ॲसिटिलकोलिन मोडणारे विकर मंदावते, उरल्यासुरल्या ग्राहींना रसायन थोडे अधिक काळ मिळते आणि पापणी वर सरकते. औषधाचा इतिहासही याच तर्काने घडला. लंडनमधल्या ग्रिनिचच्या सेंट अल्फेज रुग्णालयातल्या मेरी वॉकर यांना हा आजार क्युरारेच्या विषबाधेसारखा दिसला. मग क्युरारेवरचा उतारा इथेही चालेल या विचाराने त्यांनी १९३४ मध्ये फायसोस्टिग्मिन देऊन पाहिले आणि रुग्णाच्या पापण्या उघडल्या. ग्राही म्हणजे काय हे ठाऊक नसतानाची ही उडी होती. आज पायरिडोस्टिग्मिन, स्टिरॉइड, थायमस ग्रंथीची शस्त्रक्रिया, प्लाझ्मा बदलणे आणि प्रतिपिंडे घटवणारी नवी इंजेक्शने एवढा पसारा उपलब्ध आहे. सर्व शरीरभर लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांच्या रक्तात या ग्राहीविरोधी प्रतिपिंडे सापडतात. उरलेल्यांतल्या काहींमध्ये लक्ष्य वेगळे असते: ग्राहींना सांध्यावर एकत्र बांधून ठेवणारे मस्क हे प्रथिन. ग्राही बनला तरी तो नेमक्या जागी उभा राहिला नाही, तर असून नसल्यासारखाच.

मेंदूच्या आतही असेच घडते हे कळायला आणखी तीन दशके जावी लागली. मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेश ग्लुटामेट वाहतो आणि त्याच्या ग्राहींपैकी एनएमडीए हा सर्वांत चोखंदळ. एरवी मॅग्नेशियमचा आयन त्याच्या मार्गात अडकून बसलेला असतो. ग्लुटामेट आले, जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरिन मिळाले आणि त्याच क्षणी पेशी आधीच चेतलेली असली, तरच मॅग्नेशियम बाजूला होतो आणि कॅल्शियम आत शिरतो. दोन घटना एकाच वेळी घडल्या याची नोंद ठेवणारा हा ग्राही आहे. १९७३ मध्ये टिमोथी ब्लिस आणि टेरिए लोमो यांनी सशाच्या मेंदूत दाखवलेल्या, चेतासंधी दीर्घकाळ बळकट होण्याच्या क्रियेमागे तोच असतो, आणि शिकणे व आठवणे यांचा पाया त्याच क्रियेत शोधला जातो. याच ग्राहीवाटे कॅल्शियमचा अतिरेक झाला तर पेशी मरतात. पक्षाघातात रक्त न मिळालेल्या भागाभोवती हेच होते. ते रोखण्यासाठी हा ग्राही अडवणारी अनेक औषधे पक्षाघातात वापरून पाहिली गेली आणि अपयशी ठरली. ज्या ग्राहीवर विचार चालतो तो सरसकट बंद करणे रुग्णाला परवडत नाही.

तो बंद पडला तर काय होते याचे वर्णन योसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली केले. त्यांच्या पाहणीतल्या बाराही रुग्ण स्त्रिया होत्या आणि प्रत्येकीला टेराटोमा जातीची गाठ होती, बहुतेकींना अंडाशयात. या गाठीत चेताऊती असू शकते; तिच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मेंदूतल्या एनएमडीए ग्राहींनाही बांधतात आणि ते पेशीच्या आत ओढले जातात. सुरुवात बहुधा ताप-डोकेदुखीने होते. मग आठवडा-दोन आठवड्यांत चांगली शिकणारी, नोकरी करणारी मुलगी असंबद्ध बोलू लागते, घरच्यांवर संशय घेते, झोपत नाही. पुढे तोंडाच्या विचित्र हालचाली, आकडी, बोलणे बंद, आणि कधी श्वासही मंद. आपल्याकडे या टप्प्यावर ‘बाहेरचे काही झाले’ म्हणत देवऋषी गाठला जातो, किंवा थेट मनोरुग्ण म्हणून उपचार सुरू होतात. दोन्हींत आठवडे वाया जातात. पाठीतल्या पाण्याची आणि रक्ताची प्रतिपिंड-तपासणी, अंडाशयाची सोनोग्राफी, आणि स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा-बदल हे उपचार लवकर मिळाले तर चित्र पालटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७७ रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांचा निकाल चांगला होता. पेशी मेलेल्या नसतात, फक्त ग्राही पृष्ठभागावरून गेलेले असतात. प्रतिपिंडे हटली की ते परत येतात. त्याच अभ्यासात पुरुष आणि लहान मुलेही होती आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ सापडलेली नव्हती, त्यामुळे ‘हा बायकांचा आजार’ ही समजूतही टिकत नाही.

ग्लुटामेटला लगाम घालणारे रसायन म्हणजे गाबा. त्याचा जलद ग्राही उघडला की क्लोराइड आत येतो आणि पेशी शांत होते. डायझेपाम, मिडाझोलाम यांसारखी औषधे याच ग्राहीवर, पण गाबाच्या जागेपासून वेगळ्या खाचेत बसतात आणि गाबाचे काम वाढवतात. आकडी थांबवायला ती रामबाण ठरतात, मात्र वेळेत दिली तर. आकडी लांबत गेली की गाबाचे ग्राही पेशीच्या आत खेचले जाऊ लागतात आणि त्याच वेळी एनएमडीए ग्राही पृष्ठभागावर वाढतात. पहिल्या काही मिनिटांत पुरणारा डोस तासाभराने पुरत नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे. पाच मिनिटांहून अधिक चाललेली आकडी ही आणीबाणी मानायची, हा आजचा नियम त्यासाठीच. घरात फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात हीच मिनिटे जातात. रुग्णाला कुशीवर वळवणे, तोंडात काही न घालणे आणि डॉक्टरांनी लिहून दिला असल्यास मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा वापरणे, हे ग्राहींच्या वेळापत्रकाशी जुळणारे उपचार आहेत.

संथ ग्राहींच्या जगात सर्वांत गाजलेले नाव डोपामिनचे, आणि त्याच्या कथेत भारतातल्या दोन वनस्पती येतात. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. तिच्यातून पुढे रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. ते चेतापेशींतले डोपामिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करते. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन निपचित पाडलेल्या सशांना एल-डोपा दिले आणि ते हालचाल करू लागले. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असते, हे मद्रासमधल्या संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवले होते. कंपवातावर एल-डोपा चालते याचे मर्म असे की तिथे डोपामिन बनवणाऱ्या पेशी झिजलेल्या असतात, पण ते घेणारे ग्राही बहुतांशी शाबूत असतात. इथे रसायन कमी पडल्याची भाषा खरी ठरते. तरीही काही वर्षांनी औषधाच्या प्रत्येक डोसबरोबर अंग वेडेवाकडे हलू लागते, कारण भरती-ओहोटीने येणाऱ्या डोपामिनमुळे ग्राहींमागची यंत्रणा अतिसंवेदनशील होऊन बसते.

डोपामिनचे पाच प्रकारचे ग्राही आहेत. डी-१ आणि डी-५ पेशीच्या आत निरोप पुढे नेणारे चक्रीय एएमपी वाढवतात, डी-२, डी-३ आणि डी-४ ते घटवतात. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आले आणि स्किझोफ्रेनियाच्या उपचारांत क्रांती झाली, पण ते नेमके करते काय हे ठाऊक नव्हते. सत्तरीच्या दशकात टोरांटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांच्या गटांनी दाखवले की अशा औषधांची परिणामकारक मात्रा आणि डी-२ ग्राहीला चिकटण्याची त्यांची ताकद यांचा जवळचा मेळ बसतो. भ्रम कमी होतात आणि हात थरथरू लागतात, हे दोन्ही एकाच ग्राहीचे देणे. मेंदूच्या एका भागात तो अडवणे हवे असते, दुसऱ्या भागात नको असते, आणि गोळीला भाग ओळखता येत नाहीत.

ग्राही नेमका ओळखला तर स्वस्त औषधही जीव वाचवते, याचे उदाहरण कोकणातले आहे. लाल विंचवाचे विष सोडियमचे आयनमार्ग उघडे ठेवते, त्यामुळे स्वायत्त चेता भडकतात आणि ॲड्रिनालिनच्या जातीची रसायने रक्तात उसळतात. ती रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ ग्राहींवर आदळली की वाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. बिरवाडी आणि महाड परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही साखळी ओळखली आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी, अल्फा-१ ग्राही अडवणारी प्राझोसिनची गोळी दिली. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याविषयी लिहिले गेले. वेळेत पोचलेल्या रुग्णांतले मृत्यू त्यानंतर फार घटले. रसायनाचा पूर थांबवायचे साधन हाती नव्हते. तो घेणारा ग्राही झाकणे पुरले.

सर्वांत संथ ग्राहींची ओळख पटली ती चेतापेशींच्या जगण्यामरण्याच्या प्रश्नातून. दुसऱ्या महायुद्धात, ज्यू म्हणून विद्यापीठाचे दार बंद झालेल्या रिटा लेवी-मोंताल्चिनी यांनी तुरिनमध्ये घरच्या खोलीत कोंबडीच्या भ्रूणांवर काम चालू ठेवले होते. पुढे अमेरिकेत सेंट लुइस येथे स्टॅन्ली कोहेन यांच्यासह त्यांनी चेतावर्धक घटक, म्हणजे एनजीएफ, शोधून काढला. इथेही साप आडवा आला. न्यूक्लिक आम्ल मोडण्यासाठी वापरलेल्या सर्पविषातच हा घटक, तो आधी ज्या अर्बुदाच्या गाठीत आढळला होता तिच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात निघाला. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. एनजीएफ ज्या ग्राहीवर बसतो त्या टीआरके-ए चा प्रवास थक्क करणारा आहे. बोटाच्या टोकाशी एनजीएफ मिळाला की ग्राही आणि तो रेणू दोघे मिळून एका पुटिकेत शिरतात आणि चेतातंतूच्या आतून, मणक्याजवळच्या पेशीदेहापर्यंत, जवळपास हातभर अंतर चालत जातात. तिथे पोचलेला निरोप एवढाच: टोक जागेवर आहे, जगत राहा. या ग्राहीच्या जनुकात जन्मतः दोष असला तर वेदना वाहणाऱ्या पेशी गर्भातच मरतात. अशा मुलांना दुखतच नाही आणि घामही येत नाही. ती जीभ चावतात, मोडलेल्या पायावर धावतात, उन्हाळ्यात तापाने फणफणतात. वेदना नसणे हे वरदान वाटणाऱ्याने या मुलांचे सांधे पाहावेत.

एनजीएफ अडवून संधिवाताचे दुखणे घालवावे, म्हणून टॅनेझुमॅब नावाचे प्रतिपिंड-औषध तयार झाले. दुखणे कमी झाले, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने त्याविरुद्ध कौल दिला आणि औषध बाजूला पडले.

एनजीएफचा आणखी एक शेजारी घराघरात परिचयाचा आहे. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या ग्राहीवर बसते तो टीआरपीव्ही-१ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ओळखला. २०२१ चे नोबेल त्यांना आर्देम पटापुटियन यांच्यासह मिळाले. हा ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेलाही उघडतो, म्हणून ठेच्याने तोंड खरोखर भाजल्यासारखे वाटते, जरी तापमान तसूभरही वाढलेले नसते. सूज असेल तिथे एनजीएफ वाढतो आणि या ग्राहीचा उंबरठा खाली आणतो. उन्हाने रापलेल्या पाठीवर कोमट पाणीही चटका देते ते यामुळे.

ग्राहींचे बदलते रूप व्यसनात सर्वांत स्पष्ट दिसते. अफूचा ग्राही १९७३ मध्ये कँडेस पर्ट आणि स्नायडर यांनी दाखवला, आणि शरीराचे स्वतःचे तत्सम रेणू दोन वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन येथे डुकराच्या मेंदूतून मिळाले. मॉर्फिन वारंवार दिले की ग्राहीच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चढते, अरेस्टिन प्रथिन येऊन जी-प्रथिनाची वाट अडवते, आणि तोच डोस अपुरा पडू लागतो. कर्करोगाच्या रुग्णाला डोस वाढवून लागणे हे प्रत्येक वेळी व्यसनाचे लक्षण नसते. बऱ्याचदा तो ग्राहींचा हिशेब असतो किंवा वाढलेल्या दुखण्याचा. व्यसनाच्या भीतीपोटी आपल्याकडे कित्येक रुग्ण वेदनेत राहतात, हे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

चेतापेशींच्या सोबत्यांकडे अलीकडे लक्ष गेले आहे. मेंदूतल्या सफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींवर ट्रेम-२ नावाचा ग्राही असतो. त्याच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, असे २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. हा ग्राही चेतवणारी औषधे मात्र अजून आशेच्या पातळीवरच आहेत.

या विषयाचा रोजच्या व्यवहारात उपयोग असा, की एकाच्या ग्राहीवर निरुपद्रवी ठरलेले औषध दुसऱ्याच्या ग्राहीवर घात करू शकते. मायस्थेनियाच्या रुग्णाला काही प्रतिजैविके किंवा शिरेतून दिलेले मॅग्नेशियम श्वास अडवण्याइतके महागात पडते. चक्कर आणि मळमळ यांवर सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रोक्लोरपेराझिन, मेटोक्लोप्रामाइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन या गोळ्या डोपामिनचे ग्राही अडवतात, आणि महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर वयस्कांत हुबेहूब कंपवातासारखा कंप व ताठरपणा आणतात. गोळी ओळखून बंद केली तर बहुतेकांचा हा कंप काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. म्हणून घरातल्या ज्येष्ठाचे हात नव्याने थरथरू लागले, तर डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, चक्करेची गोळी धरून, सोबत न्यावीत. आणि कुठलीही गोळी आपल्या मनाने एकदम थांबवू नये.